चौपन्न पायऱ्या आणि एक कंबर

माझ्या पाठीत काहीतरी बिघडलंय हे सगळ्यांत आधी ओळखलं ते आमच्या शिंप्याने. डोंबिवली पश्चिमेला भाजीबाजाराच्या तोंडाशी त्याचं टपरीवजा दुकान होतं आणि लग्नापासूनचे माझे सगळे ब्लाऊज त्यानेच शिवलेले. एकदा माप घेताना तो थांबला, टेप पुन्हा लावली, वहीची मागची पानं उलटून पाहिली आणि म्हणाला, "ताई, रागावू नका, पण तुमचा उजवा खांदा दीड बोट खाली आलाय. तीन वर्षांमागे असं नव्हतं."

मी म्हटलं, "तुमची टेप झिजली असेल."

त्याने ब्लाऊज मात्र नव्या मापाने शिवून दिला. घरी येऊन घातला तर असा चपखल बसला की मला त्याचा रागच आला.

खांदा का उतरला हे मला काय माहीत नव्हतं? माझ्या डाव्या कडेवर माझी लेक होती. तान्ह्या मुली सगळ्यांच्याच कडेवर असतात, माझी नऊ वर्षांची होती. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. पाय काठीसारखे ताठ, उभं राहता येत नाही, बोलणं मोजकं, समज वयाच्या चार पावलं मागे. हसणं मात्र वयाच्या पुढे. घरात कुणी शिंकलं तरी हिला हसू यायचं. आम्ही राहायचो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, एका मजल्याला अठरा म्हणजे एकूण चौपन्न पायऱ्या. सकाळी तिच्या शाळेची मॅटाडोर गल्लीच्या तोंडाशी यायची. तिला घेऊन चौपन्न उतरायच्या, दुपारी चौपन्न चढायच्या. संध्याकाळी कंपाउंडात मुलं खेळायची ती बघायला पुन्हा खाली, पुन्हा वर. ती माझ्या मानेला मिठी घालून कानात पायऱ्या मोजायची, दहापर्यंत पोचली की पुन्हा एकपासून.

तिचे बाबा का उचलत नव्हते, असं कुणी विचारण्याआधीच सांगते. त्यांनी उचललं होतं. एका वर्षी जत्रेत तिला खांद्यावर बसवून पाळणे दाखवले आणि महिन्याभराने हर्नियाचं ऑपरेशन करून घेतलं. तेव्हापासून त्यांना पाण्याची कळशीसुद्धा वर्ज्य. "आता घरात एकच कंबर उरलीय, जपून वापर," असं ते मला म्हणायचे आणि वर स्वतःच हसायचे.

मी जपत नव्हते. खरं सांगायचं तर मला त्या उचलण्याचा गर्व होता. बिल्डिंगमधल्या बायका जिन्यात भिंतीला चिकटून मला वाट द्यायच्या आणि पाठीमागून म्हणायच्या, "आई असावी तर अशी." ते ऐकायला यावं म्हणून मी पहिल्या मजल्यावर मुद्दाम दम खायला थांबायची. शाळेतल्या बाई दर महिन्याला सांगायच्या, "तिला थोडं थोडं स्वतःचं करू द्या, हात चांगले आहेत तिचे." मी मान डोलवायची आणि घरी येऊन तिला तळहातावरच्या फोडासारखं जपायची. "माझ्या लेकीचा पाय मी जमिनीला लागू दिला नाही," हे वाक्य मी किती जणींना ऐकवलं असेल! त्याचा अर्थ काय होतो हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

तिची शाळा कल्याणला होती आणि महिन्यातून एका शनिवारी आयांना बोलवायची. आम्ही दहा-बाराजणी व्हरांड्यातल्या बाकांवर बसायचो. नवीन आई आली की आमचा पहिला प्रश्न, "डावी की उजवी?" म्हणजे मूल कुठल्या कडेवर. तेवढ्यावरून आम्ही तिचं दुखणं ओळखायचो. एकीची मनगटं गेलेली, कारण तिचा मुलगा हात सोडून पळायचा आणि ती बारा वर्षं त्याचा हात घट्ट धरून चालत होती. एकीला मूल झोपल्याशिवाय जेवता येत नसे, तर तिचं पित्त कायमचं खवळलेलं. एकीचा खांदा निखळून दोनदा बसवलेला. मुलांची औषधं आम्हाला तोंडपाठ, वेळाही तोंडपाठ. स्वतःसाठी मात्र पर्समध्ये दुखण्याची एक गोळी, तीही शेजारणीने मागितली म्हणून अर्धी तोडलेली. तरी त्या बाकांवर जेवढं हसायचो तेवढं मी लग्नाकार्यातही हसले नाही. कुणी उठताना "आई गं" म्हणालं की सगळ्याजणी एका सुरात "ओ" द्यायच्या.

आता कोळीणबाईंचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथून सुरू होते. खाडीकडच्या मोठागावातून एक कोळीण आमच्याकडे मासे घेऊन यायची. पन्नाशीची, काटक, पाठ ताठ. तीन मजले चढून यायची, दारात पाटी उतरवायची, बोंबील-कोलंबी द्यायची आणि निघताना म्हणायची, "बाय, जरा हात लाव गो." डोक्यावर चुंबळ ठेवून ती खाली टेकायची, पाटीची एक कड ती धरायची, दुसरी मी, आणि पाटी डोक्यावर चढायची. गिऱ्हाइकाने पाटीला हात लावायचा हा रिवाजच होता. मासे घेतले नाहीत तरी हात लावावा लागायचा.

त्या वर्षी होळी होऊन गेल्यावर एका सकाळी माझी घाई होती. ती टेकायच्या आतच मी कंबरेतून वाकले आणि पाटी एकटीनेच उचलायला गेले. कंबरेत खाडकन काहीतरी झालं. पाटी हातातून सुटली, पापलेटं जिन्यावरून घसरत दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली आणि मी दाराची चौकट धरून तशीच वाकलेली राहिले.

"अशी वाकून उचलतंस?" ती ओरडली. "मोरंल ना कंबर! तुना कुनी सांगितला एकटीनं उचलाला?"

तिने मला काखेत धरून आत आणलं, पलंगावर आडवं केलं, मग खाली जाऊन मासे गोळा केले. परत आली तेव्हा मी तिचा हात धरून म्हटलं, "कुण्णाकुण्णाला सांगू नका."

"नवऱ्याला?"

"त्यांना तर नकोच."

तिने दारात सतरंजीवर बसलेल्या माझ्या लेकीकडे पाहिलं, आणि हे पोरीपायी आहे हे तिला कळलं.

आता तुम्हालाही सांगते. ठाण्याला नौपाड्यात माझी मोठी नणंद राहायची. शाळेत शिक्षिका, एकटी, शिस्तीची आणि सगळ्यांचं भलं करायची खोड असलेली. तिने नाशिककडच्या एका निवासी शाळेचा फॉर्म आणून ठेवला होता. अशी मुलं तिथे कायमची राहतात, चांगली काळजी घेतात, असं तिचं म्हणणं. मी नको म्हणाले होते. त्यावर ती म्हणालेली, "ठीक आहे. पण ज्या दिवशी तुझ्याच्याने उचलवणार नाही, त्या दिवशी हा फॉर्म भरायचा. कबूल?" हे तिच्या भावासमोर, म्हणजे माझ्या यजमानांसमोर विचारलेलं, आणि तोऱ्यात मी कबूल म्हणून बसले होते. हात दाखवून अवलक्षण. म्हणजे आता माझी कंबर गेली हे घरात कळलं, की लेक घरातून गेली.

तेव्हा मी दुखणं लपवायचं ठरवलं. कंबरेला जुन्या सुती साडीची पट्टी करकचून बांधायची, वरून नेसायचं. सकाळ-संध्याकाळ दुखण्यावरचं मलम चोळायचं. पण त्या मलमाचा वास असा की चोळलं एकाने आणि कळलं अख्ख्या मजल्याला. तो झाकायला मी रोज मोगऱ्याचा गजरा घालू लागले. वर अत्तराचं बोट. यजमान चार दिवस काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी ऑफिसातून येताना त्यांनी स्वतःहून गजरा आणला आणि लाजत विचारलं, "रविवारी नाटकाला जायचं का?" बारा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच विचारलं हो! आणि मला तीन तास खुर्चीत बसवणार नाही म्हणून मी नाही म्हटलं. त्या नाटकाची चुटपुट मला अजून आहे.

लेकीला उचलणं चालूच होतं. आधी दोन ठिकाणी थांबायची, आता सहा ठिकाणी. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी कौतुकाने म्हणाल्या, "हल्ली निवांत चढतेस, बरं दिसतं."

पितळ उघडं पडलं ते चैत्रगौरीला. नणंदेकडे दरवर्षी मोठं हळदीकुंकू असायचं. न जाण्याची सोय नव्हती. लेकीला बाबांकडे ठेवून मी गेले. गौर छान मांडलेली, कैरीची डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे, आणि सगळ्या बायका खाली सतरंजीवर. मी कशीबशी बसले. बसणं जमलं. अर्ध्या तासाने उठायला गेले, तर कंबरेने साफ नकार दिला.

मग मी न उठण्याची कारणं शोधू लागले. आणखी डाळ मागितली. शेजारच्या बाईंना त्यांच्या मुलाच्या मुंजीची हकिगत विचारली, आणि त्यांनी ती पत्रिका छापण्यापासून सांगितली. पुन्हा डाळ. त्या गेल्या, दुसऱ्या आल्या, त्यांना सुनेबद्दल विचारलं. तिसऱ्यांदा डाळ. दिवेलागण झाली, बायका पांगल्या, आणि शेवटी हॉलमध्ये उरलो गौर, मी आणि चौथी वाटी. नणंद पदर खोचून सतरंजी गोळा करायला आली, तर माझ्या बाजूने गोळा होईना.

"ऊठ की अगं."

"बसते जरा, वन्सं. गौर किती प्रसन्न दिसतेय."

ती माझ्याजवळ वाकली, नाक वर करून हुंगलं आणि म्हणाली, "मोगऱ्याखाली कसला वास येतोय?"

मला रडूच फुटलं. तोंडात डाळ, डोळ्यांत पाणी, आणि उठता येत नाही. तिने आधी मला पोटभर रडू दिलं. मग माझ्या दोन्ही काखांत हात घालून उठवायला गेली, ते जमेना, तेव्हा शेजारच्या दोघींना हाक मारली. तिघींनी मिळून मला खुर्चीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातल्याच हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो काढला, मणक्यांमधली चकती सरकल्याचं सांगितलं. "तीन आठवडे लाकडी फळीवर सरळ झोपायचं. पुढे बादलीसुद्धा उचलायची नाही. घरात जड काय उचलता?"

"मुलगी."

"किती वजनाची?"

"अठ्ठावीस किलो," मी म्हटलं, आणि डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

दोनच दिवसांत शाळांना सुट्टी लागली आणि नणंद बॅग घेऊन आमच्याकडे राहायला आली. बॅगेत साड्या, स्वतःची उशी आणि तो फॉर्म. तो तिने जेवणाच्या टेबलावर बसून सुवाच्य अक्षरात भरला. जून उजाडायच्या आत पाठवायचा होता. यजमान पेपरात डोकं घालून बसले. मी फळीवर. शब्द दिलेला मीच.

फळीवर पडून माणसाला छताखेरीज काही दिसत नाही, त्यामुळे मी घर कानांनी बघायला शिकले. पहिले दोन दिवस नणंदेने लेकीला उचललं. तिसऱ्या दिवशी मोरीतून "अगं आई गं" असं आलं, आणि सवयीने मी "ओ" दिली. मग नणंद मागच्या खोलीत येऊन माझ्या शेजारी पाच मिनिटं आडवी झाली. दोघी छताकडे बघत होतो.

"नऊ वर्षं तू हे कसं केलंस?" तिने विचारलं. तिच्या तोंडून मला मिळालेलं हे पहिलं कौतुक. पण त्या वेळी मला ते नको होतं. हिच्याही कंबरेने हात टेकले तर फॉर्म आजच पोस्टात पडेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

चौथ्या दिवसापासून घरात काहीतरी वेगळं चाललेलं मला ऐकू येऊ लागलं. कोळीण सकाळची फेरी संपवून दुपारी पुन्हा यायला लागली. मासे नसताना! दार उघडायचं, दबक्या आवाजात बोलणं व्हायचं आणि मग जिन्यावर आवाज यायचा, ढप्. थोड्या वेळाने पुन्हा ढप्. बराच वेळ हे चालायचं. मी विचारलं तर नणंद म्हणायची, "काही नाही, तू पड." यजमानांना विचारलं तर ते पेपर तोंडासमोर धरायचे. लेकीला विचारलं तर ती खुदुखुदु हसायची.

चोराच्या मनात चांदणं तसं मला सगळं लख्ख दिसू लागलं. आमच्या माळ्यावर पत्र्याची एक मोठी ट्रंक होती. निवासी शाळेत ट्रंक लागते हे मला माहीत होतं. ट्रंक खाली नेली असणार, तिच्या पत्र्याची भोकं कुठूनतरी झाळून आणली असणार, रोज थोडं थोडं सामान भरताहेत. कोळीण ट्रंकेला हात लावायला येत असणार. मला सगळ्यांत राग तिचा आला. माझं गुपित पोटात ठेवणारी ती एकटी, आणि आता तीच माझ्या लेकीची ट्रंक उचलतेय.

अकराव्या दिवशी दुपारी पुन्हा ढप् झालं आणि मला राहवलं नाही. कुशीवर वळून, पलंगाची कड धरून उठले. भिंत, कपाट, पडदा, असं धरत धरत दारापर्यंत गेले. मनात वाक्यं तयार होती. वन्सं, शब्द गेला खड्ड्यात, मी सरपटत सांभाळीन पण पोर देणार नाही. दार ओढलं आणि ट्रंक बघायला खाली पाहिलं.

खाली जिन्यात माझी लेक होती.

ती पाठमोरी, पायरीवर बसून, वर चढत होती. दोन्ही हातांनी कठड्याची सळी धरायची, हुं करून अंग ओढायची आणि वरच्या पायरीवर बसायची. ढप्. ताठ पाय पुढे लोंबत वर यायचे. फ्रॉकखाली कुणीतरी तिला जुन्या सतरंजीची जाड चड्डी शिवून दिली होती. पुढे कळलं की आमच्या शिंप्यानेच. तिच्या खालच्या पायरीवर नणंद, पदर खोचलेला, हातात घड्याळ आणि कागद. वरच्या पायरीवर कोळीण उकिडवी बसून सांगत होती, "वढ! वल्हं वढतंस तशी वढ! बग, वल्हं मारनाऱ्याचं हात हायेत पोरीचं."

ते हात! त्या हातांनी तिने आमचे दोन पडदे आणि कपड्यांची दोरी ओढून पाडली होती. नणंदेच्या मंगळसूत्र नसलेल्या गळ्यातली सोन्याची साखळी एकदा तोडली होती. ते हात आवरण्यात आमचे नाकी नऊ यायचे. त्यांच्यात जोर आहे म्हणजे ते उपयोगाचे आहेत, हे आम्हा तीन शिकलेल्या माणसांत कुणाला सुचलं नव्हतं.

कोळणीने मला पाहिलं. "का गो उठलीस?" मग माझा चेहरा बघून म्हणाली, "माजी पाटी जल्ली मना कदी धरत नाय, तरी मी तिला हात लावाला मानूस बोलावते. तुजी पोर त तुना धरते. तिचा हात लावून घे की!"

लेकीने मान वर करून मागे पाहिलं. मी दिसले की दोन्ही हात पुढे करायचे, ही तिची नऊ वर्षांची सवय. माझेही हात आपोआप पुढे गेले. तिचे आले नाहीत. ते कठड्यावर होते. घामाने केस कपाळाला चिकटलेले, गाल लाल. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि थेट कोळणीच्या हेलात म्हणाली, "तू बस गो."

नणंदेला भाषेचा धक्का बसला. मला दुसराच बसला. आनंद झाला म्हणू? झालाच, पण नंतर. आधी वाईट वाटलं. नऊ वर्षं जिच्यासाठी कंबर मोडली तिने मला बस म्हणावं! मी तिथेच उंबऱ्यावर टेकले, चौकट धरून, गुडघे वाकवून, कोळीण टेकायची तशी. आणि उरलेल्या सात पायऱ्या माझी लेक माझ्याकडे पाठ करून चढत आली. शेवटच्या ढप्‌ला तिची पाठ माझ्या पोटाला टेकली. मग मात्र मी तिला मिठीत घेतलं. उचललं नाही.

नंतर सगळं उलगडलं. तिसऱ्या दिवशी नणंदेची कंबर धरली तेव्हा दारात कोळीण आली होती. नणंदेने तिला सहज विचारलं, "तुम्ही एवढी पाटी रोज उचलता, तुमची कंबर कशी शाबूत?" उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माझ्या नणंदेने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून घेतलं. कोळणीने आधी टेकायचं कसं, वजन गुडघ्यावर कसं घ्यायचं ते दाखवलं. मग लेकीचे हात हातात घेऊन तिने ओढून पाहिले. माझ्यापासून लपवलं ते मी मध्ये पडेन म्हणून. आणि मी पडले असतेच. जिन्यात लोक काय म्हणतील, पोरीला घासत नेतात म्हणतील, असं मी पहिल्या ढप्‌ला ओरडले असते.

लोक म्हणाले काहीच नाहीत. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा सकाळी तशीच बसून उतरताना आणि दुपारी चढताना आमचा जिना एका बाजूने तिचा झाला. खालच्या पायरीपासून मॅटाडोरपर्यंत तिला ड्रायव्हर उचलून न्यायचा-आणायचा. दूधवाला तिच्या उजवीकडून चढायचा, मुलं वरच्या मजल्यावर थांबून तिच्याबरोबर मोजायची आणि दहानंतर अकरा असतं हे ओरडून सांगायची. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी कठड्याला रोज फडकं मारायचं काम आपण होऊन घेतलं. कुणी मला "आई असावी तर अशी" म्हणेना, ते थोडे दिवस जड गेलं. मी तिच्या मागून रिकाम्या हाताने चढायची. दम लागत नव्हता, तर थांबायला कारणही नव्हतं.

कोळणीला मी एका शनिवारी कल्याणच्या शाळेत घेऊन गेले. व्हरांड्यात तिने पाटी ठेवली, आम्हा सगळ्या डाव्या-उजव्यांना उकिडवं बसवलं आणि एकेकीकडून पाटी चढवून घेतली. वाकली की पाठीवर थाप. याच गोष्टी शाळेतल्या बाईंनी तक्ता लावून दहा वेळा सांगितल्या होत्या, पण त्या तक्त्यातल्या बाईला मूल नव्हतं आणि कोळणीला पाच होती. मनगटवालीने विचारलं, "आणि कुणी हात लावायला नसलं तर?"

"त मग बसून र्‍हायाचं पाटीपाशी," ती म्हणाली. "कुनीतरी येतंच."

माझी कंबर पूर्ववत झाली नाही. पावसाळी हवेत अजून आठवण देते आणि शिंपी शेवटपर्यंत माझा उजवा खांदा एक बोट खाली धरूनच शिवत राहिला. दीडाचं एक झालं, एवढ्यावर आम्ही दोघांनी समाधान मानलं. नाटकाला आम्ही पुढच्या हिवाळ्यात गेलो, गजरा घालून, मलमाशिवाय.

फॉर्म पोस्टात गेलाच नाही. तो अजून माझ्या कपाटात आहे. जिन्यात कागद हाताशी हवा म्हणून नणंदेने त्याच्या कोऱ्या पाठीवर लेकीच्या चढण्याची मिनिटं टिपली होती, रोजची एक ओळ. समोरच्या बाजूला तिच्या सुवाच्य अक्षरात सगळी माहिती भरलेली. त्यात एक प्रश्न आहे, विद्यार्थी स्वतः जिना चढू शकतो का? तिथे तिने शाईने "नाही" लिहिलं होतं. ते खोडून खाली पेन्सिलीने लिहिलंय, "हो. वेळ लागतो."